आर्थिक संशोधन जाळ्याचा पंचवार्षिक आराखडा आणि त्याचे मूल्यमापन : कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

आराखडा आधी लिहायचा आणि त्याचे मूल्यमापन पाच वर्षांनी बाहेरून कुणाला तरी बोलावून उरकायचे, हा क्रम इतका रूढ झाला आहे की तो चुकीचा असल्याचे मूल्यमापक दारात उभा राहिल्यावरच कळते. तोवर आधाररेषा, म्हणजे सुरुवातीची स्थिती, कुणी नोंदलेली नसते, पहिल्या वर्षी अनुदान मिळालेल्या संशोधकांचे ईमेल पत्ते बंद पडलेले असतात आणि ‘धोरणनिर्मितीवर प्रभाव’ या भारदस्त उद्दिष्टासमोर निर्देशक म्हणून परिसंवादांची संख्या लिहिलेली असते. म्हणून येथे आराखडा आणि मूल्यमापन हे एकच काम धरले आहे.

उदाहरण म्हणून आफ्रिकेतील अर्थशास्त्र संशोधक आणि विद्यापीठे यांना जोडणारी नैरोबीतील आफ्रिकन इकॉनॉमिक रिसर्च कन्सॉर्शियम, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एईआरसी, समोर ठेवली आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या जाळ्यात संशोधन अनुदाने, १९९३ पासूनचा विद्यापीठांचा सामाईक पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि २००२ पासूनचा सामाईक पीएच. डी. कार्यक्रम एकाच छताखाली चालतात. त्यामुळे या प्रकारच्या कामातल्या बहुतेक अडचणी येथे एकत्र भेटतात. संस्थेच्या अंतर्गत कागदपत्रांचे हे वर्णन नाही. ‘समजा’ म्हणून दिलेले आकडे हिशेब समजावण्यापुरते आहेत. जाळ्याच्या सचिवालयात, म्हणजे मुख्य कार्यालयात, किंवा सल्लागार म्हणून अशा कामात प्रथमच उतरणाऱ्यांना हा क्रम जसाच्या तसा वापरता येईल.

## तयारी : लेखणी उचलण्यापूर्वी

जुना आराखडा संपण्याच्या किमान वर्षभर आधी कागद गोळा करायला लागावे. मागचा आराखडा, त्याचा मध्यावधी आढावा, नियामक मंडळ व कार्यक्रम समिती यांची इतिवृत्ते, लेखापरीक्षित हिशेब आणि प्रत्येक निधीदात्याशी झालेला करार हे तर हवेतच. करारांतून मुदत संपण्याची तारीख, अहवालाच्या अटी आणि निधी हेतुबद्ध (ठरावीक कामापुरता) आहे की सामाईक (कोणत्याही कामाला वापरता येणारा), या तीन गोष्टी एका तक्त्यात उतरवून घ्याव्यात.

सर्वांत महत्त्वाचा कागद मात्र अनुदानांची नोंदवही हा असतो, आणि नेमका तोच सर्वांत अव्यवस्थित सापडतो. एका अनुदानाला एक ओळ असावी. प्रस्ताव आल्याची तारीख, तो कोणत्या विषयगटात गेला, मंजुरी, पहिला हप्ता, प्रगती अहवाल, अंतिम अहवाल, बाह्य परीक्षण, प्रकाशन आणि सोडून दिले असल्यास त्याची तारीख व कारण, एवढे रकाने पुरतात. बहुतेक ठिकाणी हिशेब विभागाकडे हप्त्यांची एक यादी असते आणि संशोधन विभागाकडे अहवालांची दुसरी. दोन्हींतली नावे जुळत नाहीत, कारण एकीकडे मुख्य संशोधकाचे नाव असते आणि दुसरीकडे ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचे.

तपासणी : नोंदवहीतून मनाला येतील त्या दहा ओळी निवडा आणि प्रत्येकीचा मूळ अहवाल शोधून काढा. दहापैकी तीन सापडले नाहीत, तर आराखड्याचे लेखन थांबवा आणि आधी नोंदवही दुरुस्त करा.

## १. जाळे कुठे संपते ते ठरवा

जाळ्याचे सचिवालय स्वतः फारसे संशोधन करत नाही आणि पदव्याही देत नाही. संशोधक इबादान (नायजेरिया), दार-एस-सलाम (टांझानिया) किंवा याउंडे (कॅमेरून) येथील विद्यापीठ विभागांत बसलेले असतात आणि पदवी त्यांचे विद्यापीठ देते. तरीही आराखडे लिहिताना ‘आम्ही इतके डॉक्टरेट घडवू’ असे वाक्य सहज उतरते, आणि पुढे त्याच वाक्यावर सचिवालय नापास होते.

यासाठी प्रत्येक उद्दिष्ट तीन रकान्यांपैकी एकात बसवावे. पहिल्यात सचिवालयाच्या हातातल्या गोष्टी येतील, उदाहरणार्थ अनुदानाचा हप्ता वेळेवर सोडणे किंवा नैरोबीतील सामाईक ऐच्छिक विषयांचे सत्र ठरल्या दिवशी सुरू करणे. दुसऱ्यात भागीदारांच्या हातातल्या, पण जाळ्याचा प्रभाव पोहोचतो अशा गोष्टी येतील. तिसऱ्यात ज्यांची आपल्याला आस्था आहे, पण ज्या आपल्या प्रभावापलीकडे आहेत अशा गोष्टी येतील, जसे एखाद्या देशाची वित्तीय शिस्त. विकासविषयक संशोधनाला निधी देणाऱ्या कॅनडाच्या आयडीआरसी या संस्थेने २००१ मध्ये पुस्तकरूपाने मांडलेल्या निष्पत्ती-आलेखन (आउटकम मॅपिंग) पद्धतीचा गाभा हाच आहे. ज्यांच्या वर्तनात थेट फरक पडावा असे आपण म्हणतो, त्या भागीदारांची नावे आधी लिहायची आणि बदल त्यांच्या वर्तनात शोधायचा.

नायजेरियात सरकारी विद्यापीठांतील प्राध्यापकांचा संप १४ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झाला आणि आठ महिने चालला. तेथे नोंदणी असलेल्या विद्यार्थ्याचा प्रबंध त्या काळात पुढे सरकला नसेल, तर तो दोष नैरोबीचा मानता येत नाही. पण म्हणून ‘किती जणांनी मुदतीत पीएच. डी. पूर्ण केली’ हा निर्देशकच काढून टाकायचा, ही उलट दिशेची चूक झाली. तो दुसऱ्या रकान्यात ठेवावा आणि त्याच्या शेजारी सचिवालयाच्या हातातला निर्देशक लिहावा : मार्गदर्शकाचा अहवाल आल्यापासून प्रबंध-अनुदान किती दिवसांत सुटले. म्हणजे पाच वर्षांनी उशीर झाला तर तो कुठे झाला, हे सांगता येईल.

## २. मागच्या आराखड्याचा रोकडा हिशेब

प्रत्येक उद्दिष्टासाठी एकच पान घ्यावे. काय म्हटले होते, काय झाले, त्याचा पुरावा कोणत्या कागदात आहे आणि किती पैसे खर्ची पडले नाहीत, एवढेच त्यावर लिहावे. कारणमीमांसेचा मोह येथे आवरावा. ती सुरू झाली की समर्थन सुरू होते.

मग ‘बंद करायची यादी’ करावी. नवे आराखडे बहुधा जुन्यांवर थर चढवून तयार होतात. हवामान बदल आला, डिजिटल अर्थव्यवस्था आली, शांतता-सुरक्षितता आली, निधीदात्यांच्या आवडीप्रमाणे प्रत्येक विषयाला एक कार्यक्रम मिळाला आणि जुने काहीच गेले नाही, असे होते. कर्मचारी मात्र तेवढेच राहतात. माझा आग्रह असा की नव्या प्रत्येक कार्यक्रमासमोर बंद होणाऱ्या किंवा आकसणाऱ्या जुन्या कार्यक्रमाचे नाव लिहिल्याशिवाय तो मसुद्यात येऊच देऊ नये. बैठकीत यावरून कटुता येते. ती मसुद्याच्या वेळी आलेली परवडते.

सावधान : खर्च न झालेली रक्कम ही ‘बचत’ नसते. ती बहुतेक वेळा न झालेल्या कामाची खूण असते. ती कोणत्या कामाची, हे पानावर आलेच पाहिजे.

## ३. बदलाची साखळी, वर्षांच्या हिशेबासह

‘संशोधन होते, धोरणकर्ते ते वाचतात, धोरण सुधारते’ ही साखळी प्रत्येक आराखड्यात असते आणि तिच्या दोन दुव्यांमध्ये दोन विहिरी असतात. दुवे जोडणाऱ्या प्रत्येक बाणाखाली एक गृहीतक लिहायला लावावे. धोरणकर्ते वाचतात, म्हणजे नेमके कोण वाचते? मध्यवर्ती बँकेच्या संशोधन विभागातला अर्थतज्ज्ञ की अर्थ मंत्रालयातला सचिव? त्यांच्या अर्थसंकल्पाचे वेळापत्रक आणि आपल्या प्रकाशनाचे वेळापत्रक कधी जुळते का? इंग्रजीत लिहिलेला निबंध फ्रेंचभाषक कोट दिव्हुआरच्या मंत्रालयात कोणत्या रूपात पोहोचतो?

याहून मोठी चूक काळाची असते, आणि ती मी इतक्या मसुद्यांत पाहिली आहे की या टप्प्यावर जरा रेंगाळावेच लागेल. या प्रकारच्या जाळ्यात संशोधन कार्यशाळा वर्षातून दोनदा भरते. संशोधक तेथे प्रस्ताव मांडतो, टीका ऐकतो, सुधारतो, पुढच्या एखाद्या कार्यशाळेत प्रगती अहवाल सादर करतो, त्यानंतर अंतिम अहवाल देतो, मग बाह्य परीक्षण होते आणि त्यानंतर प्रकाशन. एक कार्यशाळा चुकली की सहा महिने गेले. पहिल्या वर्षाच्या जूनमध्ये मंजूर झालेला प्रस्ताव सर्व काही सुरळीत झाले तरी तिसऱ्या वर्षाच्या आसपास छापील स्वरूपात येतो, आणि तो एखाद्या धोरणाच्या टिपणात पोहोचायला त्यापुढे किती काळ जाईल ते त्या देशातल्या राजकारणावर अवलंबून असते.

याचा अर्थ सरळ आहे. पाच वर्षांच्या आराखड्यात तिसऱ्या वर्षानंतर मंजूर झालेल्या अनुदानांचा धोरणावरचा प्रभाव त्याच आराखड्यात मोजता येत नाही, आणि या आराखड्याच्या काळात जो प्रभाव दिसतो तो बहुतांशी मागच्या आराखड्यातल्या पैशांचा असतो. हे मसुद्यात स्पष्ट लिहून टाकावे. पहिल्या दोन वर्षांतल्या मंजुरींसाठी पूर्णत्व, गुणवत्ता व प्रकाशन मोजायचे, पुढच्या वर्षांतल्यांसाठी केवळ पूर्णत्व व गुणवत्ता मोजायची, आणि प्रभावाचा शोध मागच्या पाच वर्षांत प्रकाशित झालेल्या संशोधनापासून घ्यायचा, असे कोष्टकच जोडावे. निधीदात्यांना हे आवडणार नाही अशी भीती असते. त्यांच्याकडच्या जाणत्या अधिकाऱ्यांना मात्र हे आधीपासून ठाऊक असते. त्यांना कुणी तरी लिहून दिलेले हवे असते.

तपासणी : साखळीतल्या प्रत्येक बाणावर महिन्यांचा आकडा लिहा आणि बेरीज करा. बेरीज साठच्या पुढे गेली, तर ती निष्पत्ती या आराखड्याची नाही.

## ४. निर्देशक : छेद कोणता, हे आधी ठरवा

निर्देशक पंधराच्या वर जाऊ देऊ नयेत. प्रत्येकाचे एक पान असावे आणि त्यात व्याख्या, अंश, छेद, माहितीचा स्रोत, नोंद करणारी व्यक्ती, नोंदीची तारीख आणि ज्ञात उणीव या गोष्टी असाव्यात. यातले छेदाचे प्रकरण सर्वाधिक फसवे आहे, म्हणून एक उदाहरण पूर्ण करून पाहू.

समजा, जाळ्याने पहिल्या वर्षी ४०, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी ६० अनुदाने मंजूर केली, आणि तिसऱ्या वर्षाअखेर एकूण ४५ अंतिम अहवाल हाती आले. वार्षिक अहवाल लिहिणारा ४५ भागिले ६० करतो आणि ‘७५ टक्के पूर्णत्व’ लिहितो. हे निरर्थक आहे, कारण ४५ मधले बहुतेक अहवाल त्या ६० अनुदानांचे नाहीतच. कडक टीकाकार ४५ भागिले १५० करतो आणि ३० टक्क्यांवर बोट ठेवतो. तेही अन्यायाचे आहे, कारण अनेकांची मुदत अजून संपलेली नाही. योग्य रीत तुकडीनिहाय मोजण्याची. ४५ पैकी ३० अहवाल पहिल्या वर्षाच्या तुकडीतले, १३ दुसऱ्या आणि २ तिसऱ्या वर्षाच्या तुकडीतले असतील, आणि ते तिसही चोवीस महिन्यांच्या आत आले असतील, तर विधान असे होईल : पहिल्या तुकडीतील ४० पैकी ३० अनुदाने चोवीस महिन्यांत पूर्ण झाली. दुसऱ्या तुकडीचा हिशेब तिची मुदत भरल्यावरच मांडायचा. योगायोगाने येथेही ७५ टक्केच आले आहेत, आणि अशाच योगायोगांमुळे चुकीची पद्धत वर्षानुवर्षे टिकते.

मध्येच सोडून गेलेले संशोधक छेदातून गुपचूप वगळले जातात, तेवढे सांभाळावे. चाळीस म्हणजे चाळीस.

स्त्री संशोधकांचे प्रमाण मोजताना एक टक्केवारी पुरत नाही, तीन लागतात : आलेल्या प्रस्तावांत, मंजूर प्रस्तावांत आणि पूर्ण झालेल्या अनुदानांत. पहिल्या आणि दुसऱ्यात घट दिसली तर परीक्षणाकडे पाहावे लागेल. दुसऱ्या आणि तिसऱ्यात दिसली तर मुदतवाढीचे नियम, प्रसूतिरजा आणि क्षेत्रभेटींचा खर्च यांकडे पाहावे लागेल. फ्रेंचभाषक देशांतील संशोधकांसाठीही हेच तीन आकडे घ्यावेत आणि परीक्षकांचे अभिप्राय त्यांना फ्रेंचमध्ये मिळाले की नाही, हेही नोंदवावे.

संशोधनाच्या गुणवत्तेसाठी केवळ नामांकित नियतकालिकांतील निबंध मोजले, तर बुर्किना फासोतल्या कापूस खरेदीवरचा उपयुक्त निबंध हरतो आणि कुठल्याही देशाला लागू न होणारे प्रतिमान (मॉडेल) जिंकते. आयडीआरसीची ‘आरक्यू प्लस’ चौकट शास्त्रीय काटेकोरपणासोबत संशोधनाची वैधता, महत्त्व आणि वापरासाठीची सज्जता या बाजूही तपासते. दरवर्षी पूर्ण झालेल्या अहवालांतून चिठ्ठ्या टाकून दहा-बारा निवडावेत आणि जाळ्याबाहेरच्या दोन परीक्षकांकडून या चौकटीत गुण घ्यावेत. खर्च थोडा आणि पाच वर्षांनी हाती लागणारी माहिती मोलाची.

सावधान : आधाररेषा पहिल्या दिवसाची हवी. ‘पहिल्या वर्षात आधाररेषा निश्चित केली जाईल’ असे वाक्य आराखड्यात दिसले, तर ती कधीच निश्चित होणार नाही असे समजा.

## ५. पैशांचे तीन स्तंभ

ब्रिटनचे परदेशी मदत सांभाळणारे डीएफआयडी हे खाते सप्टेंबर २०२० मध्ये परराष्ट्र खात्यात विलीन झाले. पुढच्याच वर्षी ब्रिटनने परदेशी मदतीचे प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणले. २०२५ मध्ये अमेरिकेची परदेशी मदत देणारी यूएसएड ही संस्थाच मोडीत निघाली. पाच वर्षांच्या आराखड्यात एकच अंदाजपत्रक देणे त्यामुळे आता बेजबाबदारपणाचे ठरते.

स्तंभ तीन करावेत : सही झालेला निधी, बोलणी पुढे गेलेला निधी आणि आशेचा निधी. पहिल्या स्तंभावर जे चालेल तो आराखड्याचा गाभा. तिसऱ्या स्तंभातले काम कोणत्याही निर्देशकात धरू नये. कपात करावी लागल्यास आधी काय थांबेल, याचा क्रम नियामक मंडळाकडून आताच मंजूर करून घ्यावा. संकटात हा क्रम ठरवायला बसले की ज्याचा आवाज मोठा त्याचा कार्यक्रम वाचतो.

चलनाकडेही पाहावे. अनुदाने डॉलरमध्ये ठरतात आणि खर्च स्थानिक चलनात होतो. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील (कॅमेरूनसह) सीएफए फ्रँक हे चलन युरोशी जखडलेले आहे, तर नायजेरियाने जून २०२३ मध्ये विनिमय दर मोकळा केल्यावर तेथील चलन नायरा झपाट्याने घसरले. म्हणजे एकाच रकमेचे अनुदान याउंडेत आणि इबादानमध्ये अगदी वेगळे वजन धरते, आणि ‘प्रति संशोधन खर्च’ या निर्देशकाची देशवार तुलना चलनाची दखल न घेता केली तर ती दिशाभूल करते.

मूल्यमापनासाठी एकूण खर्चाच्या दोन-तीन टक्के रक्कम वेगळ्या शीर्षाखाली ठेवावी आणि तिला दुसऱ्या कामासाठी हात लावण्याचा अधिकार सचिवालयाकडे नसावा.

## ६. सल्लामसलत आणि मंजुरी

क्रम असा ठेवावा : विभागप्रमुख व संशोधक, मग शैक्षणिक सल्लागार, मग कार्यक्रम समिती आणि शेवटी नियामक मंडळ. निधीदात्यांना मसुदा दाखवायचाच, परंतु पहिला मसुदा दाखवू नये. तो दाखवला की त्यांच्या सूचना उरलेल्या सर्वांसाठी आज्ञा होऊन बसतात.

सहामाही कार्यशाळेला सगळे एकत्र येतात म्हणून सल्लामसलत तेथेच उरकली जाते, आणि तीही शेवटच्या दुपारी, जेव्हा निम्मे लोक विमानतळाच्या वाटेवर असतात. ती दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवावी. फ्रेंच मसुदा इंग्रजीसोबतच वाटावा. दोन आठवड्यांनी पोहोचणारा अनुवाद म्हणजे सल्लामसलतीतून अर्धा खंड वगळणे होय.

## ७. वार्षिक आढावा आणि मध्यावधी वळण

वार्षिक आढाव्यात पंधरा निर्देशकांची पाने, नोंदवहीची ताजी प्रत आणि गृहीतकांची यादी एवढेच घ्यावे. मध्यावधी आढावा तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला हवा. तो तिसऱ्या वर्षाच्या शेवटी झाला तर त्यातून काही बदलण्याइतका वेळच उरत नाही. बदललेल्या निर्देशकाचे जुने पान फाडून टाकू नये. कधी, कुणी आणि का बदलले, ते त्याच पानावर तारखेसह लिहावे.

## ८. बाह्य मूल्यमापनाची कार्यकक्षा

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या विकास साहाय्य समितीचे निकष आता सहा आहेत : प्रस्तुतता, सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव आणि टिकाऊपणा. यातली सुसंगती २०१९ मध्ये वाढली. कार्यकक्षा, म्हणजे मूल्यमापकावर सोपवलेल्या कामाची लेखी व्याप्ती, लिहिणारे साही निकष घेतात, प्रत्येकाखाली पाच प्रश्न टाकतात आणि चाळीस दिवसांच्या कामासाठी तीस प्रश्न तयार करतात. उत्तरे अर्थातच तीस परिच्छेदांची येतात आणि त्यांतून एकही निर्णय निघत नाही. प्रश्न सातच्या आत ठेवावेत आणि प्रत्येकासमोर ‘या उत्तरावर कोणता निर्णय अवलंबून आहे’ हे लिहावे. निर्णय सुचला नाही तर प्रश्न खोडावा.

सुसंगतीचा, म्हणजे इतर संस्थांच्या कामाशी मेळ बसतो का हा, प्रश्न मात्र सोडू नये. कैरोतील इकॉनॉमिक रिसर्च फोरम १९९३ पासून अरब जगातल्या अर्थशास्त्रज्ञांसाठी काम करते, आणि अशा प्रादेशिक जाळ्यांना जोडणाऱ्या ग्लोबल डेव्हलपमेंट नेटवर्कचे मुख्यालय आपल्या दिल्लीत आहे. तोच संशोधक दोन-तीन ठिकाणांहून अनुदान घेत असेल, तर कोणत्या निबंधाचे श्रेय कुणाचे, हा प्रश्न विचारावाच लागतो.

पथकात एक अर्थशास्त्रज्ञ, एक मूल्यमापनातला जाणकार आणि मुलाखती फ्रेंचमध्ये घेऊ शकणारी व्यक्ती हवी. आफ्रिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांचे जग लहान आहे. चांगला अर्थशास्त्रज्ञ कधी ना कधी जाळ्याचा अनुदानित, परीक्षक किंवा विद्यार्थी राहिलेला असण्याची शक्यता बरीच. असे संबंध लपवून ठेवण्यापेक्षा लेखी जाहीर करून घ्यावेत आणि त्या व्यक्तीला तिच्या जुन्या कार्यक्रमापासून दूर ठेवावे. नेमणूक नियामक मंडळाने करावी. ज्याचे मूल्यमापन होणार त्यानेच मूल्यमापकाचे देयक मंजूर करणे बरे नव्हे.

तपासणी : पथकाच्या प्रारंभिक अहवालात प्रत्येक प्रश्नासमोर माहितीचा स्रोत, नमुन्याची निवड आणि विश्लेषणाची रीत दिली आहे का? नसेल तर क्षेत्रभेटींची तिकिटे काढू नका.

## ९. माजी विद्यार्थ्यांचा माग

समजा, पीएच. डी. कार्यक्रमाचे २०० माजी विद्यार्थी आहेत. त्यांपैकी १४० जणांचे पत्ते मिळाले, ९० जणांनी उत्तर दिले आणि त्यांतले ८१ आफ्रिकेत काम करत आहेत. अहवालात येते : ‘९० टक्के पदवीधर खंडातच राहिले.’ पण उत्तर न दिलेल्या वा न सापडलेल्या ११० जणांपैकी एकही आफ्रिकेत नसेल, तर प्रमाण ४०.५ टक्क्यांवर येते, आणि ते सगळेच आफ्रिकेत असतील, तर ९५.५ टक्क्यांवर जाते. खरे उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठे तरी आहे आणि ते परदेशी गेलेले लोक प्रश्नावलीला कमी उत्तर देतात की जास्त, यावर ठरते.

म्हणून आधी दोन्ही टोके लिहावीत आणि मग हरवलेल्या ११० मधून तीस जण चिठ्ठ्या टाकून निवडावेत. त्यांचा शोध विभागप्रमुख, वर्गमित्र आणि विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरील सार्वजनिक माहिती यांतून घ्यावा. तिसांचा चिकाटीने घेतलेला माग हा आणखी तीन स्मरणपत्रांपेक्षा कितीतरी उपयोगी ठरतो.

तुलनेसाठी ज्यांना प्रवेश किंवा अनुदान थोडक्यात हुकले, त्यांच्याशी बोलावे. जाळे मुळात हुशार माणसे निवडते. त्यांचे पुढे बरे चालले यात जाळ्याचा वाटा किती, हे हुकलेल्यांकडे पाहिल्याशिवाय समजत नाही. नाकारलेल्या प्रस्तावांच्या फायली त्यासाठीच जपाव्या लागतात, आणि नेमक्या त्याच आधी रद्दीत जातात.

सावधान : केनियाचा माहिती संरक्षण कायदा २०१९ चा आहे आणि नायजेरियाचा २०२३ चा. दक्षिण आफ्रिकेतही स्वतंत्र कायदा लागू आहे. जुन्या अर्जांतले पत्ते मूल्यमापकाच्या हवाली करण्यापूर्वी संमतीचे कलम तपासा. यापुढच्या अर्जांत ते कलम आजच घाला.

## १०. धोरणावरील प्रभावाचा दावा

बेन्नो न्दुलू हे जाळ्याचे कार्यकारी संचालक होते आणि पुढे २००८ ते २०१८ या काळात टांझानियाच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर झाले. न्जुगुना न्दुंगू हे २००७ ते २०१५ या काळात केनियाच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर होते, नंतर जाळ्याचे कार्यकारी संचालक झाले आणि २०२२ मध्ये केनियाचे अर्थमंत्री. अशी नावे हाताशी असली की प्रभावाचे प्रकरण आपोआप लिहून होते. पण तारखा पाहिल्या तर एका बाबतीत माणूस जाळ्याकडून बँकेकडे गेला आणि दुसऱ्या बाबतीत बँकेकडून जाळ्याकडे आला. बाण दोन्ही दिशांनी जातो. ही नावे जाळ्याची पोहोच दाखवतात. एखादा निर्णय जाळ्याच्या संशोधनामुळे झाला, हे त्यांवरून सिद्ध होत नाही.

यासाठी जॉन मेन यांनी मांडलेली योगदान-विश्लेषणाची रीत उपयोगी आहे, आणि ती वापरताना शेवटाकडून सुरुवात करावी. आधी निर्णय निवडावा, उदाहरणार्थ एखाद्या देशाने महागाईच्या दराचे लक्ष्य ठरवून त्यानुसार पतधोरण आखण्याची चौकट स्वीकारणे. मग तो निर्णय कोणत्या बैठकांतून गेला, कुणी टिपण लिहिले, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी काय होत्या, असे मागे जावे. वाटेत आपल्या जाळ्याचा निबंध किंवा माणूस भेटला तर नोंदवावे. भेटला नाही तर तेही नोंदवावे. पाच प्रकरणे अशी तपासली आणि दोहोंत योगदान दिसले, तर अहवालात पाचही यावीत.

मुलाखतीत ‘आमच्या संशोधनाचा उपयोग झाला का?’ असे विचारले की समोरचा अधिकारी सौजन्याने होकार देतो. त्याऐवजी ‘हा निर्णय झाला त्या आठवड्यात तुमच्या टेबलावर कोणते कागद होते?’ असे विचारावे आणि जाळ्याचे नाव शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत घेऊ नये. एका मूल्यमापनात अशाच प्रश्नाला उत्तर म्हणून अधिकाऱ्याने कपाटातून एक जीर्ण फाईल काढली. तीत जाळ्याचा छापील निबंध नव्हता, पण त्याच संशोधकाने मंत्रालयासाठी लिहिलेले चार पानी टिपण होते. नोंदवहीत त्याचा उल्लेखही नव्हता. तेव्हापासून ‘संशोधकाने इतरत्र लिहिलेली टिपणे’ असा एक रकाना मी नोंदवहीत घालायला लावतो.

## ११. अहवालानंतर

मसुदा अहवालातल्या तथ्यांच्या चुका सचिवालयाने दोन आठवड्यांत लेखी कळवाव्यात. निष्कर्षांवरचे मतभेद त्यात मिसळू नयेत. ते व्यवस्थापनाच्या प्रतिसादात लिहावेत. या प्रतिसादाचा तक्ता पाच रकान्यांचा पुरतो : शिफारस, निर्णय, जबाबदार व्यक्ती, तारीख आणि लागणारे पैसे. निर्णयाच्या रकान्यात सगळीकडे ‘मान्य’ दिसले तर कुणी नीट वाचलेले नाही असे समजावे. अमान्य करणे पूर्णपणे योग्य असते, फक्त कारण दोन ओळींत दिले पाहिजे. ‘अंशतः मान्य’ लिहिल्यास कोणता अंश, तेही लिहावे.

अंतिम अहवाल परिशिष्टांसह आणि दोन्ही भाषांत खुला करावा. हा तक्ता नियामक मंडळाने सही करून दिल्यानंतरच पुढच्या आराखड्याच्या पहिल्या बैठकीची तारीख काढावी, आणि त्या बैठकीच्या टेबलावर अनुदानांची ताजी नोंदवही व हा तक्ता एवढेच दोन कागद ठेवावेत.